प्रायॉरिटी ‘लो’ असूनही पीसी का अडतो? फोंड्याच्या एका शाळेच्या लॅबमधले प्रकरण

फोंडा तालुक्यातले एक उच्च माध्यमिक विद्यालय. संगणकाच्या लॅबमध्ये एकाच खरेदीतले २० पीसी आहेत: इंटेल कोअर आय३-६१०० प्रोसेसर, म्हणजे २ कोअर आणि ४ थ्रेड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. शिवाय कोपऱ्यात उबुंटू या लिनक्सची एक मशीन, जिच्यावर मुले नेटवर्कवरून लॉगिन करून सी भाषेतले प्रोग्रॅम कंपाइल करतात. लॅब दिवसाला पाचेक तास उघडी असते आणि त्यातला बराच वेळ पीसी नुसते चालू असतात. प्राचार्यांच्या लेखी परवानगीने सगळ्यांवर बॉइंक बसवले, म्हणजे पीसीचा रिकामा वेळ वैज्ञानिक प्रकल्पांच्या गणितांना देणारे सॉफ्टवेअर. (परवानगी ही शिष्टाचाराची बाब नाही. मालकाच्या संमतीविना दुसऱ्याच्या यंत्रावर बॉइंक चालवू नये, हा त्या व्यवस्थेचा पहिला नियम.) हे प्रकरण अशा जुन्या, कमी रॅमच्या लॅबमध्ये नेहमी दिसणाऱ्या अडचणी एका ठिकाणी मांडून रचले आहे. यंत्रांची गणिते मात्र त्याच प्रोसेसर-रॅमची आहेत.

बॉइंक हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तयार झालेले सॉफ्टवेअर. परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेणाऱ्या, १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेटी ॲट होममधून रिकामा पीसी विज्ञानाला देण्याची ही कल्पना लोकांपर्यंत पोचली. त्या प्रकल्पाने ३१ मार्च २०२० पासून नवे काम वाटणे थांबवले, पण बॉइंकवर इतर प्रकल्प चालूच आहेत. या लॅबने आइन्स्टाइन ॲट होम निवडला. गुरुत्वीय लहरी आणि पल्सार शोधणाऱ्या या प्रकल्पात लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांचा डेटा वापरला जातो. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिलेली असल्याने विज्ञान शाखेच्या मुलांना हा विषय अगदीच परका नव्हता.

तक्रार मात्र लगेच आली. मधली सुट्टी संपली की कोणीतरी हात वर करून म्हणणार, “सर, पीसी हँग जाला.” सरांनी टास्क मॅनेजर उघडला, ‘डिटेल्स’मध्ये बॉइंकचे टास्क (प्रकल्पाने पाठवलेले गणिताचे तुकडे) शोधले, राइट क्लिक करून प्रायॉरिटी पाहिली, तर ती आधीच ‘लो’. यावरून स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, प्रायॉरिटी लो आहे तर दोष बॉइंकचा असूच शकत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, बॉइंकच काढून टाका. दोन्ही निष्कर्ष घाईचे होते. लो म्हणजे नेमके काय, हे कोणी विचारलेच नव्हते.

‘लो’ कशावर राखण ठेवते आणि कशावर नाही

विंडोजमध्ये प्रत्येक थ्रेडला, म्हणजे इथे प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्याला, अग्रक्रमाचा एक आकडा असतो. नेहमीच्या प्रोग्रॅमचा मूळ आकडा ८. टास्क मॅनेजर ज्याला लो म्हणतो, तो आतून ‘आयडल’ वर्ग आणि त्याचा मूळ आकडा ४. बॉइंक आपले प्रोसेसरवरचे टास्क आपणहूनच या वर्गात सुरू करते. ८ आकड्याचा थ्रेड कामाला तयार झाला की ४ आकड्याच्या थ्रेडला तिथल्या तिथे बाजूला सारले जाते. फार वेळ उपाशी राहिलेल्या थ्रेडला विंडोज मधूनच क्षणभर वर उचलते, पण त्याने कोणाचा पीसी अडत नाही. तेव्हा प्रोसेसरच्या रांगेपुरते बोलायचे तर पहिला तट बरोबर होता.

पण प्रायॉरिटीची सत्ता त्या रांगेपुरतीच. रॅम कोणी किती व्यापली, डिस्कवर कोण वाचतो-लिहितो, कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) कोणाचा डेटा बसला आहे, यात तिला काही बोलता येत नाही. आयडल वर्गातल्या टास्कने एक जीबी रॅम घेतली तर ती जीबीच असते, लो जीबी असा काही प्रकार नाही. म्हणून तपासाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: पीसी नेमका केव्हा अडतो? सतत, की ठरावीक वेळी?

यासाठी प्रत्येक पीसीपाशी एक कोरा कागद ठेवला आणि अडला की वेळ लिहायला मुलांना सांगितले. कागदांवर दोन वेगळी चित्रे उमटली. १७ पीसी तासाच्या सुरुवातीला, विशेषतः मधल्या सुट्टीनंतर, पहिली काही मिनिटे अडत आणि मग सुरळीत चालत. उरलेले ३ दिवसभर जड वाटत. याचा अर्थ आजार दोन होते.

सतरा पीसी: रॅमचा हिशेब

बॉइंकला या प्रोसेसरमध्ये ४ थ्रेड दिसतात, म्हणून मोकळे सोडले तर ते एका वेळी ४ टास्क चालवते. एका टास्कला किती रॅम लागते हे बॉइंक मॅनेजरमध्ये टास्क निवडून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले की ‘वर्किंग सेट’समोर कळते. समजा तो आकडा ६०० एमबी आहे. चार टास्क म्हणजे २.४ जीबी. विंडोज, अँटिव्हायरस आणि चार टॅब उघडलेला ब्राउझर मिळून अडीच जीबीच्या घरात जातात. बेरीज ४.९ जीबी आणि खोका ४ जीबीचा.

बॉइंक रॅमला मर्यादा घालत नाही का? घालते, आणि घोळ तिथेच होता. मूळ सेटिंगप्रमाणे पीसी वापरात असताना बॉइंक एकूण रॅमच्या ५० टक्के घेऊ शकते, वापरात नसताना ९० टक्के. तीन मिनिटे माउस-कीबोर्ड हलला नाही की पीसी वापरात नाही असे ते धरते. शिवाय ही टक्केवारी एकूण रॅमची आहे, शिल्लक रॅमची नव्हे. विंडोजला आणि ब्राउझरला किती लागते हे ती पाहतच नाही.

आता मधल्या सुट्टीत काय होते ते बघा. मुले बाहेर गेली, तीन मिनिटे झाली, मर्यादा २ जीबीवरून ३.६ जीबीवर गेली. चारही टास्क सुरू झाले. जागा अपुरी पडल्यावर विंडोजने कोणीच हात न लावलेला ब्राउझर आणि एडिटर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये सरकवले. घंटा झाली, मुलाने माउस हलवला. बॉइंकने मर्यादा खाली आणली आणि चौथ्या टास्कसमोर ‘वेटिंग फॉर मेमरी’ लिहिले. पण ब्राउझरचा गेलेला भाग परत आणायचा तो फिरत्या डिस्कवरून, तुकड्या-तुकड्याने. अशी डिस्क विखुरलेली वाचने सेकंदाला शंभराच्या आसपासच करू शकते. तेवढा वेळ माउस हलतो, खिडकी मात्र पांढरी पडते आणि शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येते.

खातरजमा करायला रिसोर्स मॉनिटर पुरतो. त्याच्या ‘मेमरी’ पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’चा, म्हणजे रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून आणाव्या लागलेल्या तुकड्यांचा, स्तंभ असतो. अडलेल्या मिनिटांत ब्राउझरसमोरचा आकडा उसळतो आणि ‘डिस्क’ पानावर सक्रिय वेळ १०० टक्क्यांना चिकटून राहतो. प्रोसेसरचे १०० टक्के पाहून दचकू नये. बॉइंक चालू असताना तो आकडा १००च असायचा. तपासात त्याचा काडीचा उपयोग नाही, तरी सगळे आधी तिकडेच बोट दाखवतात.

उपाय बॉइंक मॅनेजरच्या ‘ऑप्शन्स’मधल्या ‘कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस’मध्ये आहे. वापरात नसतानाची रॅम-मर्यादा ९० वरून ४० टक्के, वापरात असतानाची ५० वरून ३० टक्के. ४ जीबीचे ३० टक्के म्हणजे १.२ जीबी, बरोबर दोन टास्कची जागा. त्याला धरून प्रोसेसरची संख्याही ५० टक्के केली, म्हणजे ४ ऐवजी २ टास्क. दोन्ही आकडे जुळलेले हवेत. प्रोसेसर ४ ठेवून नुसती रॅम कमी केली तर टास्क कायम सुरू-बंद होत राहतात आणि प्रत्येक वेळी डिस्कला नवे काम लागते.

थांबवलेले टास्क मेमरीत ठेवण्याची एक चौकोनी खूण तिथेच असते. बरेच जण ती लावायचा सल्ला देतात, कारण मग टास्क शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे डिस्कवर शेवटची प्रगती जतन केली तिथपासून, पुन्हा सुरू करावा लागत नाही. ८ किंवा १६ जीबीच्या पीसीवर तो सल्ला योग्य आहे. ४ जीबीवर ही खूण काढावी. वाया गेले तर काही मिनिटांचे गणित जाते, मुलाचा तास तरी जात नाही. चेकपॉइंटचे अंतर मूळ ६० सेकंदांचे असते, ते १२० केले. आणखी वाढवले असते तर डिस्कला आराम मिळाला असता, पण पावसाळ्यात इथली वीज कशी येते-जाते ते पाहता दहा मिनिटांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे नाही.

तीन पीसी: कोणीतरी आकडा बदलला होता

दिवसभर जड वाटणाऱ्या तीन पीसींवर टास्क मॅनेजर लो नव्हे तर ‘नॉर्मल’ दाखवत होता. कारण सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅमडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात, बॉइंकच्या डेटामध्ये सापडले. तिथल्या ‘सीसी_कॉन्फिग’ या एक्सएमएल फाइलमध्ये ‘प्रोसेस_प्रायॉरिटी’ या टॅगला २ हा आकडा दिलेला होता. ही पट्टी अशी आहे: ० सर्वांत कमी (मूळ सेटिंग), १ नॉर्मलच्या खाली, २ नॉर्मल, ३ नॉर्मलच्या वर, ४ हाय आणि ५ रिअल-टाइम. ५ कधीही देऊ नये, माउससुद्धा हलेनासा होईल. जास्त क्रेडिटच्या (केलेल्या गणिताबद्दल प्रकल्प देतो त्या गुणांच्या) आशेने लोक अशी फाइल कुठून तरी उचलून चिकटवतात. रिकाम्या पीसीवर त्याने एक गुणही वाढत नाही, कारण रांगेत दुसरे कोणी नसेल तर ० आणि २ सारखेच धावतात. फरक पडतो तो फक्त माणूस समोर बसलेला असताना, आणि तो त्या माणसाच्या विरोधात.

टॅगचा आकडा ० केला, फाइल जतन केली आणि बॉइंक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केले. नुसते कॉन्फिग पुन्हा वाचायला लावून भागत नाही, कारण चालू टास्क ज्या प्रायॉरिटीने जन्मला तीच घेऊन पुढे जातो. टास्क मॅनेजरमधून हाताने बदललेली प्रायॉरिटी टिकत नाही तीही याचमुळे. टास्क संपला, पुढचा सुरू झाला की नव्या प्रोसेसला मूळ आकडा मिळतो. ‘प्रोसेस_प्रायॉरिटी_स्पेशल’ नावाचा दुसरा टॅग ग्राफिक्स कार्डावरच्या आणि रॅपर प्रकारच्या (दुसरा तयार प्रोग्रॅम आत घेऊन चालवणाऱ्या) टास्कसाठी आहे. हे टास्क मुळातच एक पायरी वर, नॉर्मलच्या खाली चालतात. तसे दिसले तर ती गडबड नव्हे. ग्राफिक्सवरचे गणित मात्र शाळेत पीसी वापरात असताना बंदच असावे. तिथे प्रोसेसरसारखी राखण नसते आणि स्क्रीन धक्के खात चालते.

आणखी एक सेटिंग काढून टाकले. इतर प्रोग्रॅमचा प्रोसेसर-वापर २५ टक्क्यांच्या वर गेला की बॉइंक थांबवा, असे ते सांगते. वाचायला सोयीचे आहे. पण ४ थ्रेडच्या पीसीवर २५ टक्के म्हणजे एक थ्रेड पूर्ण व्यग्र. अकरावीच्या मुलाने चुकून न संपणारा लूप लिहिला की वापर नेमका त्या रेषेवर येऊन थांबतो आणि बॉइंक थांबते-सुरू होते असा खेळ चालतो. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसचे स्कॅन सुरू असेल तर बॉइंक तासन्‌तास गप्प, आणि मग विचारणा, काम का होत नाही? प्रोसेसरच्या रांगेचा प्रश्न प्रायॉरिटीने आधीच सोडवलेला आहे. त्यासाठी दुसरा पहारेकरी नको.

एवढे करूनही एक गोष्ट पूर्ण सुटत नाही. आय३-६१०० मधले ४ थ्रेड म्हणजे २ कोअरवर बसवलेल्या दोन-दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मुलाचा पायथन आणि शेजारच्यावर बॉइंक बसले की कोअरचा आतला कारखाना दोघांत वाटला जातो, शिवाय ३ एमबीची एल३ कॅश सगळ्यांची सामायिक. शेजारच्याची प्रायॉरिटी ४ आहे हे त्या कारखान्याला ठाऊकच नसते. त्यामुळे जड लूप बॉइंक चालू असताना थोडा जास्त वेळ घेतो. फाइल टाइप करणाऱ्याला हे जाणवत नाही, वेळ मोजणाऱ्याला जाणवते. अल्गोरिदमचा वेळ मोजण्याचे प्रात्यक्षिक असेल त्या तासाला बॉइंक थांबवावे, दुसरा इलाज नाही.

उबुंटूची मशीन: नाइस १९, तरी निम्मा वाटा

इथे कोडे अधिक गुंतागुंतीचे होते. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये बॉइंकच्या टास्कसमोर नाइस १९ स्पष्ट दिसत होता. नाइस हा लिनक्समधला अग्रक्रमाचा आकडा, जितका मोठा तितका टास्क मागे. लिनक्सच्या शेड्युलरमध्ये नाइस ० चे वजन १०२४ आणि नाइस १९ चे १५. एकाच कोअरवर दोघे भिडले तर १९ वाल्याच्या वाट्याला १०३९ पैकी १५, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. प्रत्यक्षात सगळी मुले एकदम कंपाइल करत असताना बॉइंक जवळजवळ निम्मा प्रोसेसर खात होते.

कारण वजनाची तुलना एकाच गटात होते. उबुंटूच्या सेवा सांभाळणारी सिस्टिमडी यंत्रावरच्या प्रोसेसचे गट (‘स्लाइस’) पाडते. लॉगिन केलेली मुले ‘यूझर स्लाइस’मध्ये, सेवा म्हणून चालणारे बॉइंक ‘सिस्टिम स्लाइस’मध्ये. गटांत प्रोसेसर वाटणारा सीपीयूचा कंट्रोलर चालू असेल तर आधी वाटणी गटांमध्ये होते आणि दोन्ही गटांचे मूळ वजन १००. म्हणजे अर्धे-अर्धे. नाइस १९ चा विचार त्यानंतर, आपल्या गटाच्या आत. तिथे बॉइंकला टक्कर द्यायला कोणी नाही, मग अख्खा अर्धा हिस्सा त्याचाच. हा कंट्रोलर कोणीतरी वेगळ्याच सेवेला वजन लावल्यामुळेही चालू होतो, म्हणून काल नीट चाललेली मशीन आज अडू शकते. ‘सिस्टिमडी-सीजीटॉप’ चालवले की गटवार वापर डोळ्यांसमोर येतो.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे बॉइंकच्या सेवेला ‘सीपीयूवेट’ १ देणे. तो पुरत नाही. त्याने बॉइंक सिस्टिम स्लाइसमधल्या इतर सेवांपुढे नमते, यूझर स्लाइसपुढे नाही. बॉइंकला वेगळ्या, वरच्या पातळीवरच्या स्लाइसमध्ये काढावे लागते:

१. ‘बॉइंक.स्लाइस’ नावाची युनिट फाइल करून तिच्या ‘स्लाइस’ विभागात सीपीयूवेट=१ लिहा.
२. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने बॉइंक-क्लायंटची पुरवणी फाइल उघडून ‘सर्व्हिस’ विभागात स्लाइस=बॉइंक.स्लाइस ही ओळ घाला.
३. ‘डिमन-रिलोड’ करा, मग सेवा रिस्टार्ट करा.

आता मुले कंपाइल करत असतील तेव्हा वाटणी १०० विरुद्ध १, आणि मशीन रिकामी असेल तेव्हा पूर्ण प्रोसेसर बॉइंकचा. सीपीयूवेटऐवजी ‘सीपीयूकोटा’ लावू नका. कोटा हे वरचे झाकण आहे, रात्री मशीन ओस पडलेली असतानाही ते उघडत नाही.

उष्णता, वीज आणि चवथ

प्रोसेसरचा वेळ ५० टक्के करण्याचेही एक सेटिंग आहे. पीसी गरम होऊ नये म्हणून उत्साहाने ते लावले जाते. बॉइंक त्यासाठी टास्क थोडा वेळ चालवते, थोडा वेळ रोखते, आणि पंख्याचा आवाज त्या लयीत चढ-उतार करतो. वीस पीसींच्या खोलीत हे असह्य होते. प्रोसेसरची संख्या निम्मी करा, वेळ १०० टक्केच ठेवा. उष्णता घटते आणि पंखा एका सुरात राहतो. मे महिन्यात त्याआधी एक काम उरकावे: हीटसिंकमधली धूळ ब्लोअरने काढणे. दमट हवेत ती पिठासारखी चिकटते.

विजेचा अंदाज: दोन टास्कमुळे एका पीसीचा खप २५ वॉटने वाढतो असे धरले, तर २० पीसी आणि ५ तासांचे अडीच युनिट रोज. नेमका आकडा प्लगमध्ये लावायच्या मीटरने मोजावा आणि तोच प्राचार्यांपुढे ठेवावा. बॅटरीवर असताना थांबा हे सेटिंग इथे फसवे ठरते. यूपीएसची यूएसबी केबल पीसीला जोडलेली असेल आणि विंडोजला बॅटरी दिसत असेल तरच बॉइंकला वीज गेल्याचे समजते. खोलीला सामायिक इन्व्हर्टर असेल तर त्याला काही कळत नाही, ते जोमाने चालत राहते आणि बॅकअप लवकर संपतो.

एका पीसीवर बसवलेली घडी बाकीच्यांवर न्यायची तर ‘ग्लोबल_प्रेफ्स_ओव्हरराइड’ ही एकच एक्सएमएल फाइल कॉपी करावी. बॉइंकचा आख्खा डेटा फोल्डर किंवा बॉइंक बसवल्यानंतरची डिस्क इमेज वीस ठिकाणी उतरवू नये. प्रकल्पाच्या सर्व्हरला ती सगळी यंत्रे एकच वाटतात आणि टास्कचा हिशेब विस्कटतो.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीचे वेगळे बघावे लागते. आइन्स्टाइन ॲट होमच्या टास्कला साधारण १४ दिवसांची मुदत असते. दिवसाला पाच तास चालणाऱ्या लॅबला ती पुरते, पण सुट्टीच्या तोंडावर आलेला टास्क बंद खोलीत पडून राहिला तर मुदत उलटते आणि तेच गणित दुसऱ्या कोणाकडे पाठवावे लागते. सुट्टीच्या चार-पाच दिवस आधी प्रकल्पाला ‘नो न्यू टास्क्स’ लावा, शेवटच्या दिवशी ‘अपडेट’ दाबून झालेले काम पाठवा, मग प्लग काढा. कामाचा साठा एरवीही अर्ध्या दिवसाच्या वर ठेवू नये.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी कसलीच जोखीम नको. प्रत्येक पीसीवर ‘बॉइंकसीएमडी’ला ‘--सेट_रन_मोड नेव्हर १४४००’ हा आदेश एका बॅच फाइलमधून देता येतो. शेवटचा आकडा सेकंदांचा, म्हणजे चार तास. मेमरीत ठेवण्याची खूण आधीच काढलेली असल्याने टास्क रॅमही सोडतात, आणि चार तास उलटले की बॉइंक आपोआप आधीच्या मोडवर येते.